चंद्राला कड असते

मी तोंडाची फटकळ आहे. असोद्यात कोणालाही विचारा, पहिलं हेच सांगतील, म्हणून मीच आधी सांगून टाकते. पण फटकळ माणसाचा राग दोन दिवसांत उतरतो. माझा एकच राग असा निघाला की चौदा वर्षं उतरला नाही, आणि तो होता माझ्या थोरल्या जावेवर, शेवंताअक्कावर.

आमचं घर एकच, मधून भिंत घातलेली. तिकडच्या अर्ध्यात माझे मोठे दीर सुपडूभाऊ आणि अक्का, इकडच्या अर्ध्यात आम्ही. पुढचे दरवाजे वेगळे, मागचं अंगण मात्र सामाईक. त्याच अंगणात आम्ही दोघींनी चौदा वर्षं कपडे वाळत घातले, पापड वाळवले, आणि एकमेकींशी शब्द बोललो नाही. म्हणजे मी बोलले नाही. ती सुरुवातीला दोन-चारदा आली होती. मी तोंड फिरवून घरात निघून गेले. मग तीही यायची थांबली.

कारण ऐका. माझं माहेर चोपड्याचं. माझे वडील गेले, त्या दिवशी मी जळगावला बाजाराला गेले होते. तिथेच फोन आला. मी पिशवीसकट स्टँडवर पळाले आणि चोपड्याची बस लागायची वाट बघत उभी राहिले. समोरच्या फलाटावर पाहते तर अक्का. मधे एक बस जाईल एवढंच अंतर. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मी हात वर केला. हाक मारायला गेले तर घशातून आवाज फुटेना. तिने माझ्याकडे पाहिलं. सरळ डोळ्यात पाहिलं. मग शेजारच्या माणसाला काहीतरी विचारलं, आणि असोद्याच्या बसमध्ये चढून निघून गेली.

बाप मेलेला, आणि घरची बाई ओळख दाखवत नाही. तेरावं झाल्यावर मी तिला सगळ्यांसमोर विचारलं. तर म्हणते कशी, "मले दिसलीच नही व तू."

दिसली नाही. आणि हे कोणी म्हणावं, तर सगळ्या गल्लीच्या सुया जिच्याकडे ओवायला येतात तिने. आमच्याकडे बाईची नजर कशी आहे हे सुई-दोऱ्यावरून ठरतं. चाळिशी उलटली की दोरा सुईच्या बाजूने जायला लागतो, मग बाया लाजत लाजत अक्काकडे येतात. ती सुई नाकाशी धरते आणि एका फटक्यात दोरा आरपार. चष्मा नाही, काही नाही. तांदळातला खडा तिच्या नजरेतून सुटणार नाही. तिच्या गोधडीचे टाके बघायला मेहरूणहून बाया यायच्या. अशी बाई म्हणते दिसली नाही. त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडावर एकच दिसत होतं, की शेवंता खोटं बोलते. आणि गावातल्या बायांनाही ते पटलंच, कारण अक्का रस्त्यात समोरून आली तरी आधी कधी बोलायची नाही. आपण बोललो तर मग बोलायची. घमेंड, दुसरं काय.

आता दुर्बिणीचं सांगते.

माझा नवरा रुपचंद केळीच्या बागांना ठिबकच्या नळ्या बसवायचं काम करतो. त्यामुळे घरात कायम पाइपांचे तुकडे. त्यांचा एक जुना दोस्त आहे, नूर महंमद. जळगावात चष्म्याच्या काचा घासायचं त्यांचं छोटंसं दुकान. साठी ओलांडलेला माणूस, काच घासून घासून बोटांची टोकं गुळगुळीत झालेली, बोलणं हळू. आमच्या ह्यांच्या चष्म्यापासून दोस्ती सुरू झाली आणि या थंडीत दोघांनी मिळून हे नवं खूळ काढलं. नूरभाईंनी चष्म्याचंच एक मोठं भिंग घेतलं, आमच्या ह्यांनी तीन इंची पाइप दिला, माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढा लांब. डोळा लावायच्या बाजूला एक बारकी नळी, तिच्यात छोटं भिंग, आणि ती नळी मोठ्या पाइपात आत-बाहेर सरकणारी. उभं करायला म्हणून यांनी माझ्या कूलरचा स्टँड काढला. थंडीत कूलर कोणाला लागतो, हे त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, उन्हाळ्यात स्टँड परत मिळाला नाही तर त्या पाइपातच कोंबीन तुम्हाला.

रविवारी दोघांनी ठरवलं की अंगणात भरीत करायचं आणि सगळ्यांना चंद्र दाखवायचा. सगळ्यांना म्हणजे सुपडूभाऊंनाही, म्हणजे अक्कालाही. मी धुसफुसले. पण भरीत म्हटलं की अक्काशिवाय हात कोणाचा लागणार? खोटं कशाला बोलू. वांगी ती वजनावरून निवडते, हातात घेऊन, हलकं ते चांगलं. कपाशीच्या काड्यांवर अशी भाजते की साल कोळसा होते आणि आतला गर लोण्यासारखा मऊ राहतो. काठवटीत मिरच्या, लसूण, कांद्याची पात घालून ठेचते तेव्हा शेजारच्या गल्लीत माणसं भुकेली होतात. चौदा वर्षं तिच्याशी बोलले नाही, पण भरीत सोडलं नाही. तिकडून वाटी यायची, इकडून रिकामी जायची, पोरांच्या हाती.

सात वाजता अंधार पडला. चंद्र अर्धा होता, अष्टमीचा, जवळजवळ डोक्यावर. पाइप वर तोंड करून उभा केला, त्यामुळे डोळा लावायची नळी आली खाली. तिथे पाट ठेवला. पाटावर बसायचं, मान वाकडी करायची आणि वर बघायचं. नूरभाईंनी स्वतः बसून नळी बरोबर सरकवली, पेन्सिलने तिच्यावर खूण केली आणि बजावलं, "नळीला कोणी हात लावू नका. मी बसवलंय तसंच राहू द्या."

पहिला नंबर माझा लावला. मी काही कौतुक करायचं नाही असं ठरवूनच बसले होते. चंद्रात बघायचं काय असतं, लहानपणापासून बघतोय.

डोळा लावला.

चंद्र नव्हताच तो, म्हणजे आपला रोजचा नव्हता. ती जागा होती. पाय ठेवता येईल अशी जागा. एका अंगाने इतका उजेड की डोळ्यात पाणी यावं, आणि दुसऱ्या अंगाने काळाकुट्ट अंधार, आणि मधे जिथे दोन्ही भेटतात तिथे खड्डेच खड्डे. गरम राखेवर पाणी शिंपडल्यावर पडतात तसे, गोल, एकाला एक खेटलेले. एकेका खड्ड्याच्या काठाची सावली आत पडलेली. काही खड्ड्यांच्या मधोमध टेंगूळ. कडेला बारीक जांभळी रेघ दिसत होती, ती चंद्राची नाही, आमच्या भिंगाची, असं नूरभाईंनी मागून सांगितलं. आणि सगळा चंद्र हळूहळू एका बाजूला सरकत होता. मी विचारलं, "हा पळतो कुठे?" ते म्हणाले, "तो नाही भाभी, आपण फिरतोय. पृथ्वी फिरते ते तुम्हाला दिसतंय." मी पाटाला घट्ट धरलं. आयुष्यात पहिल्यांदा मला आपण फिरतोय हे खरं वाटलं. एका पाइपाच्या तुकड्यातून आणि चष्म्याच्या काचेतून हे दिसावं, याचं मला इतकं कौतुक वाटलं की कूलरच्या स्टँडचं मी तिथल्या तिथे माफ केलं.

मग हे बसले. मग सुपडूभाऊ. ते बराच वेळ बघून म्हणाले, "जमीन आहे, पण खडकाळ. केळी नाही येणार." ते नेहमी असंच बोलतात.

मग अक्का. पदर खोचून पाटावर बसली, डोळा लावला. जरा वेळाने म्हणाली, "पांढरं पांढरं दिसते. रोजच्यासारखं."

मी चुलीपाशी पुऱ्या तळत होते, मला हसू आलं. नाही म्हणजे नाही, हिला कशाचं म्हणून नवल वाटायचं नाही. पण ती उठली नाही. बसूनच राहिली. सुईचं काम करणारी बोटं, ती काही स्वस्थ बसतात? मला दिसलं, तिने हळूच ती बारकी नळी चिमटीत धरली आणि आत ढकलायला लागली. नको म्हटलेलं असताना. मी ओरडणार होते. पण आमचा तर अबोला, ओरडू कशी?

अर्धं पेर नळी आत गेली असेल. तिचा हात थांबला. तिच्या घशातून एक आवाज आला. मला वाटलं मान धरली. सुपडूभाऊही "काय झालं व" म्हणून पुढे झाले. ती डोळा काही काढेना. बघता बघता मी पुरी कढईतच विसरले आणि ती करपली.

केव्हातरी ती बोलली, आणि आवाज असा बारीक, लहान पोरीसारखा. "चंद्राले कड हाये."

"कड असणारच ना वहिनी," हे म्हणाले.

"मले काय मालूम. मले वाटे तो सांडलेल्या दुधावानी असते. पसरलेला. सगळ्याइले तसाच दिसत असन असं वाटे मले." मग ती दोन्ही हातांनी पदर तोंडाशी धरून बघत राहिली. नूरभाईंनी दोनदा चंद्र सरकला म्हणून पाइप हलवून दिला, तरी तिने जागा सोडली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलंही नाही.

ती उठल्यावर हे परत बसले. "काहीच दिसत नाही," म्हणाले. "सगळं धूसर झालंय. वहिनी, तुम्ही नळी हलवली का?"

"हलवली. म्हनून तं दिसलं."

सुपडूभाऊ बसले. त्यांनाही धुकं. मी पुऱ्या सोडून आले, डोळा लावला. पांढरा गोळा, कडा नाही, खड्डे नाहीत, काही नाही. आणि माझं टाळकं सरकलं. एवढी मेहनत केलेली दुर्बीण हिने बिघडवली, आणि वर नाटक काय, तर म्हणे सगळं दिसलं. मी बोलून गेले. चौदा वर्षांत पहिल्यांदा, तिच्याकडे न बघता, पण तिला ऐकू जाईल असं. "कोणालाच काही दिसत नाही आणि एकीलाच म्हणे सगळं दिसलं. खोटं बोलायची सवय माणसाची मरेपर्यंत जात नाही."

चुलीत काड्या तडतडत होत्या.

अक्का माझ्या दिशेने वळली. रागावली नव्हती. "मी खोटं बोलत नही, रूपाली. तव्हाही बोलली नव्हती."

तेव्हा म्हणजे कधी, हे कळायला मला वेळ लागला नाही. मी परत तोंड उघडणार तेवढ्यात नूरभाई म्हणाले, "थांबा जरा." त्यांनी मोबाइलचा उजेड नळीवर धरला. पेन्सिलची खूण पाइपाच्या आत गेली होती. त्यांनी नखाने अंतर मोजलं, ओठांतल्या ओठांत काहीतरी हिशेब केला, आणि अक्काला म्हणाले, "अक्का, काय काय दिसलं, नीट सांगा."

अक्काने सांगितलं. खड्डे सांगितले, सावल्या सांगितल्या. मग म्हणाली, "अन् अंधाराच्या बाजूले, खड्ड्याइपासून जरा दूर, येकच ठिपका चमकते. चहूकडून काळं, अन् मधात तो येकटा. त्याच्या आजूबाजूले काहीच नही."

मी हा ठिपका पाहिला नव्हता. ह्यांनीही नाही. नूरभाई पाटावर बसले, नळी आपल्या खुणेवर आणली आणि बघत राहिले. बराच वेळ. मग उठून म्हणाले, "आहे. डोंगराचं टोक असणार ते. खाली अजून सूर्य उगवला नाही, टोकावर उगवलाय. मी दहा वेळा बघितलं आज, मला नाही दिसलं. भाभी, बघा तुम्ही."

मी पाहिलं. होतं. काळ्या अंधारात मोहरीएवढा उजेड, एकटा. खड्ड्यांच्या नादात मी तिकडे बघितलंच नव्हतं. आणि जिला मी खोटारडी म्हटलं होतं तिने तो बरोबर टिपला होता. मी पाटावरून उठले नाही, कारण उठून बघायचं कोणाकडे?

मागे नूरभाई विचारत होते, "अक्का, तिकडे दारात कोण उभं आहे?"

दार सात-आठ पावलांवर. दिवा लागलेला. दारात आमचे हे उभे होते, चांगले उजेडात.

"कोनी उभं हाये व्हय?" अक्का म्हणाली. मग जरा कान देऊन, "रुपचंद असन. मंघाशी तठून खोकलला तो."

नूरभाई हळूच म्हणाले, "उणे सात तरी असेल नंबर. जास्तच, कमी नाही. लहानपणापासून."

"अहो, पण सुई ओवतात त्या," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "चष्म्याशिवाय. अजून."

"ओवणारच की. सुई जवळ असते, भाभी. या नंबरच्या माणसाला वीतभर अंतरातलं तुमच्या-माझ्यापेक्षा छान दिसतं, म्हातारपणीही. त्याच्यापुढचं सगळं विरघळतं. माझ्याकडे आठवड्याला एखादं पोर येतंच, फळा दिसत नाही म्हणून. अक्का शाळेत गेल्या असत्या तर मास्तरांनी तेव्हाच ओळखलं असतं." मग ते दुर्बिणीवर हात ठेवून म्हणाले, "नळी आत ढकलली की ही त्यांच्या नंबराची होते. त्यांनी न सांगता ती आपल्या नजरेला लावून घेतली. माझ्या दुकानात नवीन पोराला हे शिकायला महिना लागतो."

सुपडूभाऊ खाली बसले. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना कळलं नव्हतं. ते म्हणाले, "मग ही कोणाला ओळख देत नव्हती ते..." आणि त्यांनी डोक्याला हात लावला.

स्टँडवरचा फलाट डोळ्यांपुढे उभा राहिला, मधे एक बस जाईल एवढं अंतर, आणि मुकी मी. हाक फुटली असती तर तिने आवाज ओळखला असता, धावत आली असती. मला पक्कं माहीत आहे, आली असती. तिने शेजारच्या माणसाला काय विचारलं असेल तेही आता कळलं. ही बस कुठली, हेच विचारलं असेल. बसवरची पाटी तिला कधी दिसलीच नव्हती. आणि मी पाच-पन्नास माणसांत तिला उभं करून खोटं ठरवलं होतं. तिने खरं ते एकदा सांगितलं, कोणी मानलं नाही, तर पुन्हा कधी तोंडातून काढलं नाही. कुरकुर नाही, कोणाजवळ रडगाणं नाही. भरताची वाटी तेवढी पाठवत राहिली. अशी बाई मी पाहिली नाही. मला तर तिच्या जागी चौदा दिवस काढता आले नसते, घर डोक्यावर घेतलं असतं मी.

नूरभाई मोटारसायकलच्या डिकीतून एक चष्मा घेऊन आले. रावेरच्या कोणा मास्तरांना द्यायचा होता, उणे सहाचा. "पूर्ण नाही पुरणार, पण अंदाज येईल. तुमचा मी चार दिवसांत करून आणतो," म्हणाले आणि तिच्या डोळ्यांवर चढवला. तिला तो सैल होत होता. तिने दोन्ही हातांनी काड्या धरून ठेवल्या.

मला वाटलं आता चंद्राकडे बघेल. तिने वर पाहिलंच नाही. अंगणभर मान फिरवत म्हणाली, "रूपाली कुठी हाये?"

मी पाइपाच्या मागे होते. फटकळ बाई, पण लपले होते. हे म्हणाले, "अगं जा ना." मी पुढे झाले आणि अंगणाच्या मधोमध उभी राहिले. ती बघत राहिली. दिव्याचा उजेड माझ्या तोंडावर होता आणि मला तोंड कुठे ठेवावं कळत नव्हतं.

"तुले तं पांढरे केस आले व माय," ती म्हणाली. "अन् गालं बसले. मले वाटे तू अजून तशीच असशीन, लग्नात होती तशी."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वीतभर अंतरातलंच तिला दिसतं. आणि मी चौदा वर्षं तिच्या वाऱ्याला उभी राहिले नव्हते. एका अंगणात राहून तिने चौदा वर्षं माझं तोंड पाहिलं नव्हतं.

"अक्का, माझं चुकलं," मी म्हटलं. "तुम्ही खरं बोलत होता. मी सगळ्यांदेखत तुम्हाला खोटं पाडलं. आता सगळ्यांदेखत सांगते, चुकले मी."

तिने नुसता हात पुढे केला. मी गेले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले, गुडघ्याला गुडघा लावून. तिने माझी हनुवटी धरली, तोंड आपल्या तोंडाजवळ ओढून घेतलं.

"आता हा कशाले," म्हणत तिने चष्मा काढून नूरभाईंच्या हातात दिला. एवढ्या जवळचं तिला चांगलं दिसत होतं.